नाईक सुर्व्यांचा निरोप

मुलांनो, डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही सेनापती आहात; पण तुम्हाला रणांगण दिसत नाही. बंद तंबू, एक टेबल आणि येणारे-जाणारे निरोप, बस्स. तुमचा हुकूम पोचायला वेळ लागतो. उत्तर येईपर्यंत तिकडे सगळं बदललेलं असतं.

ऊर्वी नावाच्या मुलीच्या काळात मुलं हा खेळ खेळत. त्याचं नाव विलंबपट. पूर्वीच्या युद्धखेळांत सैनिक बोट लावताच हलायचे. हा खेळ बनवणाऱ्या डॉ. मोघ्यांनी त्यांना मन दिलं. जुन्या जवानांची हजारो संभाषणं यंत्राला ऐकवून घडवलेलं, घाबरणारं, प्रसंगी हट्टालाही पेटणारं मन. शिवाय एक नियम केला. इथे मेलेला परत येत नाही. त्याचं मन पुसलं जातं. खेळाडूला तंबू सोडून मैदानात उतरता येई, पण तिथे तो पडला तर त्याचाही खेळ कायमचा बंद.

अंतिम सामन्यात ऊर्वीची तुकडी पुलावर होती. तुकडीचे नाईक सुर्वे वर्षभर तिच्यासोबत होते. सराव संपला की तिला शाळेतल्या गमती सांगायला लावायचे. त्यांनी कळवलं, की तुकडीतला कोंडिबा जखमी होऊन पलीकडच्या तीरावर पडलाय. शत्रू त्याच बाजूने पुलाकडे चालून येत होता. ऊर्वीने सगळ्यांना माघारी बोलावलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "येतो, ताई."

पंचयंत्राने लगेच जाहीर केलं, की माघार सुरू झाली. मागे उभे असलेले मोघे खूश झाले. आता पुलावर तोफा डाग, सामना तुझाच, म्हणाले.

ऊर्वीने तोफांच्या कळीवरचा हात काढला. "ते परत येत नाहीयेत. कोंडिबाला आणायला गेलेत."

"येतो म्हणाला ना तो?"

"आमच्या घरी निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, सर. तुमच्या घरी म्हणतात?"

मोघे समजावू लागले, की सुर्वे म्हणजे नुसती आकडेमोड आहे, तिच्यासाठी हातचा सामना घालवू नकोस.

"मग त्यांना भीती कशाला दिलीत?"

"हुकूम देणाऱ्याला हुकमाचं वजन कळावं म्हणून."

"कळलं," ऊर्वी म्हणाली.

दुसरा निरोप धाडण्यात अर्थ नव्हता. तोही उशिराच पोचला असता. मोघ्यांनी तिला मैदानाच्या नियमाची आठवण करून दिली. ऊर्वीने सेनापतीची टोपी काढली आणि तोफांच्या कळीवर उपडी ठेवली. तंबूचा पडदा उचलला आणि मागे न बघता म्हणाली, "येते, सर."