सगळं काढलं

मंगळवारी दुपारी पावणेतीनला ती लॅपटॉप छातीशी धरून जिना चढली, तेव्हा तिला एवढंच माहीत होतं की दुसऱ्या मजल्यावर काका बसतात आणि काकांच्या हाताला गुण आहे.

"काका आहेत का?" तिने दारातूनच विचारलं.

टेबलामागून एक मान वर आली. तिशीतली. भिंग कपाळावर सरकवलेलं.

"काका म्हणजे माझे बाबा. ते आता घरी शब्दकोडी सोडवतात. पाटी त्यांची, खुर्ची माझी. गिऱ्हाइकं मलाही काकाच म्हणतात... तुम्ही नाही म्हणालात तर बरं."

एरवी तिला हसू आलं असतं. आत्ता तिने फक्त लॅपटॉप पुढे केला.

"हा सुरू होतो, पण पूर्ण होत नाही. ठिपके गोल फिरतात, फिरतात... मग काळोख. मग परत पहिल्यापासून."

"किती वेळा केलंत असं?"

"चौदा."

"चौदा!" त्याने लॅपटॉप तिच्या हातातून अलगद काढून घेतला. "आजारी माणसाला चौदा वेळा जिना चढायला लावलात की."

लॅपटॉपचं वय नऊ वर्षं. आत दोनशे बारा किडे. तळ्याकाठचे चतुर, चतुरांसारख्याच पण बारीक टाचण्या, भुंगे, नाकतोडे... दोन वर्षं पहाटे उठून तिने कागदावर कच्ची काढून लॅपटॉपवर रंगवलेली चित्रं. पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. दुसरी प्रत नव्हती. उद्या करू, उद्या करू म्हणत राहून गेली होती.

त्याने आधी माउस काढला, पेनड्राइव्ह काढला. मग बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. बॅटरी बसवली. ठिपके आले, फिरले. काळोख.

"खोडरबर आहे?"

"काय?"

"चित्रकार ना तुम्ही? बोटांना शाई आहे."

तिने पिशवीतून खोडरबर काढून दिला. त्याने मेमरीची पट्टी बाहेर घेतली आणि तिचे पिवळे दात हळूहळू घासले. ती श्वास रोखून बघत राहिली. पट्टी आत गेली. ठिपके आले... फिरले... काळोख.

मग त्याने लॅपटॉपला कान लावला. "या, ऐका."

दुसऱ्या बाजूने तिने कान लावला. आतून टक्... टक्... खर्रर्र. दोघांच्या कपाळांमध्ये वीतभर अंतर. तिच्या छातीतली धडधड त्यालाही ऐकू जात असणार, असं तिला वाटलं.

"डिस्क दमलीय," तो सरळ झाला आणि त्याने बटणावरून हात काढला. "आता हा सुरूच करायचा नाही. दुरुस्त करायला गेलो, तर आहे तेही जाईल. आधी आतलं बाहेर. डिस्क काढून माझ्या मशीनला लावतो. शेवटी जुनं काढून नवीन टाकू."

"येईल सगळं?"

"माहीत नाही."

"निदान धीर तरी द्या हो!"

"धीर उद्या देतो. आज फोन नंबर द्या."

बुधवारी ती दोनदा गेली. डिस्क छोट्या पंख्यासमोर उघडी पडली होती. तापली की तो थांबायचा; निवली की पुन्हा सुरू. त्याने स्टूल पुढे केलं. पडद्यावरचा आकडा एकदा सव्वा तास हललाच नाही. तेवढा वेळ दोघंही कुजबुजत बोलत होते, मोठ्याने बोललं तर आत काहीतरी तुटेल अशा बेताने.

"लॅपटॉप बघायला जातेस की लॅपटॉपवाला?" संध्याकाळी, राहायला आलेल्या ताईने विचारलं.

"ताई!"

"तीन खेपा झाल्या. मी महिनाभर आजारी होते, तेव्हा बाईसाहेब एकदा आल्या होत्या."

गुरुवारी अकरा वीसला त्याचा निरोप आला. 'सगळं काढलं. या.'

तिने तो तीनदा वाचला. ताईने चष्मा लावून चौथ्यांदा वाचला. "काढलं म्हणजे... पुसलं?"

जुनं काढून नवीन टाकू. तोच म्हणाला होता. चप्पल अडकवून ती धावत सुटली. जिन्याच्या किती पायऱ्या तिने गाळल्या, तिचं तिला कळलं नाही.

"तू माझं सगळं काढून टाकलंस?"

तो उठून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"टाकलं नाही! काढून ठेवलं. या बघा, दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती."

ती मटकन स्टुलावर बसली. "मग तसं लिहायचं ना! 'ठेवलं' लिहायला किती वेळ लागतो?"

"तुम्हाला लगेच कळवायचं होतं." तो परत खुर्चीत बसला. "तुम्ही आत्ता मला तू म्हणालात."

"रागाने."

"राग गेल्यावरही चालेल."

तिने मान खाली घातली. त्याने एक कागद पुढे सरकवला.

"दोनशे तीन आली. नऊ नाही आली. ही त्यांची नावं."

नऊ. पण दोनशे बारा जाण्यापेक्षा हे बरं होतं. तिने यादी वाचली. तीन टाचण्या, दोन चतुर, चार भुंगे. मग तिच्या लक्षात आलं. "हीच नऊ फुटली, हे कसं कळलं?"

"फाइल आली म्हणजे चित्र आलं असं नसतं. एकेक उघडून पाहिली." त्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं. "मला किड्यांची भीती वाटते. झुरळ दिसलं की मी या टेबलावर चढतो."

"आणि दोनशे तीन किडे तू..."

"पडदाभर. पायांवरच्या केसांसकट."

तिला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. "कशाला पण?"

तो पंखा बंद करायला वळला. पंखा बंद होता.

"चित्रं गेली असती, तर तू या जिन्यावर परत आली नसतीस. मला त्याची जास्त भीती वाटली."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. तिने दोन्ही प्रती पिशवीत घातल्या, बंद ओढला, पुन्हा सोडला. भीती अजून होतीच. फक्त ती आता लॅपटॉपची नव्हती, आणि तिला पळून जावंसं वाटत नव्हतं.

"नऊ परत काढायचे आहेत. रविवारपर्यंत."

"मी येऊ? किड्यांची डबी धरायला?"

"घाबरशील."

"हो."

"उद्या सकाळी सहाला, तळ्याच्या पायऱ्यांवर." ती दारापर्यंत गेली. "लांब बाह्यांचा शर्ट घाल."

"का? चावतात?"

"किडे नाही चावत. पहाटेचं गार वारं चावतं," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.