उजेड धरणारी भिंत

खाणीवर निघालेल्या गाडीत सगळ्यात जास्त सामान भिंगरीचं होतं. दोन स्वेटर, औषधाच्या तीन बाटल्या, उकळून गार केलेलं पाणी आणि पायमोज्यांचे इतके जोड, की सहलीला आलेल्या दंतवैद्यांनी विचारलंच, "वहिनी, ही मुलगी आहे की गोम?" भिंगरी खुदकन हसली. सहा वर्षांची पोर; पण एकोणीस दिवस दवाखान्यात काढून आल्यापासून तिचं हसूसुद्धा मोजूनमापून यायचं.

तिला नेऊ नकोस, असं आईला घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने सांगून झालं होतं. नवरा म्हणाला, दगडच बघायचे तर अंगणात काय कमी आहेत? सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ने गं," आणि एकदम गप्प होऊन भांडी लावायला लागल्या. त्या गप्प होण्याचाच आईला संताप आला. आदल्या आठवड्यात जाऊबाईंनी भिंगरीला फ्रॉक आणला, तोही नेमक्या मापाचा. वाढत्या अंगाचा फ्रॉक हल्ली तिला कुणी आणतच नव्हतं. तो फ्रॉक घडी करून कपाटात टाकला आणि आईने सरांना फोन लावला. दोन जागा, एक मोठी, एक छोटी.

सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दर हिवाळ्यात चार दगडवेडी माणसं गोळा करून ते या चुनखडीच्या खाणींवर येत. या वेळी दंतवैद्य, त्यांची बायको, शिवणाचे क्लास घेणाऱ्या मावशी आणि या दोघी मायलेकी. खाणीवरचा म्हातारा मुकादम सगळ्यांना हेल्मेट देऊन पुढे चालू लागला. भिंगरीचं हेल्मेट नाकावर येत होतं, म्हणून मावशींनी आत रुमाल कोंबून ते मापात बसवलं.

सकाळ सरळ गेली. पांढऱ्या धुळीने सगळ्यांच्या भुवया पिकल्या. दंतवैद्य आपली जुनी हत्यारं घेऊन आले होते, कपारीत सापडलेल्या स्फटिकाची माती आकड्याने कोरताना ते दगडाला म्हणत, "आ करा. दुखणार नाही." भिंगरीला खडीसाखरेसारखा एक खडा सापडला आणि तो दाखवायला ती आईकडे पळत आली. अकरा पावलं. आईने मोजली.

डबे खाऊन झाल्यावर सर सगळ्यांना बोगद्यात घेऊन गेले. दरवर्षीच्या सहलीचा हा शेवटचा कार्यक्रम. बोगद्याच्या टोकाला कॅल्साइट नावाच्या स्फटिकाची एक अख्खी भिंत होती. तिच्यावर सरांचा जांभळा दिवा क्षणभर मारून विझवला, की ती आठ-दहा सेकंद स्वतःच उजळून राहायची, फिकट केशरी. समोर माणसं उभी असली, की त्यांच्यामागे दिवा पोचायचा नाही; मग माणसं बाजूला झाली तरी त्यांच्या काळ्या आकृत्या उजळत्या भिंतीवर तशाच राहायच्या, आणि उजेडाबरोबर हळूहळू विझायच्या. सर याला 'सावल्यांचा फोटो' म्हणत.

पाचही जण भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दिव्यापाशी सर, त्यांच्यामागे मुकादम.

"डोळे मिटा. हलू नका. एक, दोन, तीन. व्हा बाजूला."

सगळे वळले आणि हसायला लागले. दंतवैद्यांचं पोट, बायकोच्या डोक्यामागे त्यांनी काढलेली दोन बोटांची शिंगं, कमरेवर हात ठेवलेल्या मावशी. मग आई, एक हात खाली, मूठ मिटलेली. त्या मुठीच्या पलीकडे भिंत सलग उजळली होती.

"मी कुठंय?" भिंगरीने विचारलं.

"तू हललीस," दंतवैद्य म्हणाले.

"नाही हलले. पुतळा झाले होते."

हललीच नव्हती. तिचा हात आईच्या हातात होता.

आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. रिपोर्ट विचित्र आला तर घाबरायचं नाही, नमुना पुन्हा लावायचा, ही तिची रोजची शिस्त. तिने भिंगरीला कडेवर घेतलं. पूर्वी कडेवर घेतली की कंबर दुखायची; आता दुखत नसे. "सर, पुन्हा लावा. आम्ही दोघीच."

दिवा लागला, विझला. ती बाजूला होऊन वळली.

भिंतीवर तिचीच आकृती होती. वाकवलेला हात, कलती कंबर. त्या हाताच्या विळख्यात काळं काहीच नव्हतं. तिथे उजेड होता, बरोबर भिंगरीएवढा.

भिंत विझली. वरून कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"पोरीला घेऊन बाहेर चला, बाई," मुकादम म्हणाला. "पुन्हा लावू नका."

"आधी कुणाची नव्हती आली?"

त्याने हेल्मेटचा पट्टा सोडला, परत बांधला. "माझ्या भावाची. उन्हाळ्यात."

"मग?"

"पावसाळा नाही बघितला त्याने."

सर घाईघाईने म्हणाले, "अहो, बॅटरी उतरली असेल माझी."

"बॅटरी एकाच माणसापुरती उतरत नाही, सर."

आईचा आवाज चढला नव्हता. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली तेव्हाही ती याच आवाजात म्हणाली होती, पुढचं औषध कोणतं ते सांगा. तिने भिंगरीला खाली उतरवलं, तिची सुटलेली नाडी बांधली आणि भिंतीवर तळहात टेकला. गारठलेली, ओलसर भिंत. तोंड जवळ नेऊन ती हळूच बोलली, खिडकीमागच्या अडेल कारकुनाशी बोलावं तशी.

"ही आहे. सोळा किलो आहे. सकाळी अकरा पावलं पळाली. तुला दिसत नसेल तर तो तुझा दोष. एक जागा रिकामी ठेवायचीच असेल, तर माझी ठेव. मी तक्रार करणार नाही. पण हिला धर."

"वहिनी," दंतवैद्यांची बायको म्हणाली, "असलं काही बोलू नये हो."

"बोलून झालं," आई म्हणाली. तिने भिंगरीचा हात हातात घेतला. "सर, लावा."

सर हलेनात.

"तुम्ही नाही लावलात तर मी शिकून घेईन. इथून मी हलायची नाही."

दिवा लागला.

विझला.

दोघी बाजूला झाल्या. वळल्या.

भिंतीवर भिंगरी होती. मोठं हेल्मेट, एका बाजूला सुटलेली वेणी, बारीक पाय. एक हात वर, कुणीतरी धरल्यासारखा. काळीभोर, कडेला कुठे फट नाही.

"आले मी," भिंगरी म्हणाली.

"आलीस."

आई त्या छोट्या आकृतीकडे पाहत राहिली, ती पुरती विझेपर्यंत. शेजारच्या जागेकडे तिने नजर टाकली नाही. बाकीच्यांनी टाकली. मावशींनी तोंडावर पदर धरला. मुकादमाने टॉर्च जमिनीकडे वळवला.

"चला सर," आई म्हणाली. "झालं आमचं."

परतीच्या गाडीत भिंगरीने उरलेला डबा संपवला, वर मावशींची बिस्किटं मागून खाल्ली, आणि दवाखान्यात पलंगाखाली कुणाची चप्पल राहिली होती ते रंगवून सांगितलं. मग ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गालांवर लाली आली होती. कपाळ गार.

ऊन कलतं झालं होतं आणि थेट खिडकीतून येत होतं. लेकीला लागू नये म्हणून आई मुद्दाम खिडकीशी बसली होती. तरी भिंगरीने झोपेतच डोळे चोळले. तिच्या तोंडावर ऊन होतं. आई तिच्यावर ओणवी झाली. ऊन तसंच. तिने भिंगरीच्या डोळ्यांवर तळहात धरला.

पापण्यांवर ऊन तसंच होतं.

आईने तो हात उलटसुलट करून पाहिला. मग दगड गुंडाळायला आणलेल्या रद्दीतून वर्तमानपत्राचा एक कागद काढला आणि खिडकीसमोर उंच धरला. भिंगरीच्या चेहऱ्यावर सावली आली. तिची कपाळावरची आठी मोडली.

हात भरून आला तरी घर येईपर्यंत आईने कागद खाली घेतला नाही. गाडी वळली, की लेकीच्या गालावरून सावली सरकायची आणि परत जागेवर यायची. चौकोनी, सरळ कडांची. वर धरणारा हात तिच्यात कुठेच नव्हता.