आत्याबाईंचा जुना चष्मा

ग्रंथालयाच्या प्रिंटरमधून बाहेर पडलेले पान तिने आपलेच समजून उचलले आणि दुसऱ्याच ओळीवर ती थबकली. तिच्या अर्जाच्या निबंधात होडी नव्हती!

"ती माझी होडी," मागून आवाज आला. "तुमचं पान माझ्याकडे आलंय. फार... शिस्तीचं आहे."

"म्हणजे?"

"वाचताना उठून उभं राहावंसं वाटलं."

ती चष्म्याच्या दुकानदाराची मुलगी, बोलणे परखड. दृष्टिविज्ञानाच्या महाविद्यालयाने गेल्या वर्षी तिचा अर्ज नाकारला होता. यंदाही नकार आला, तर मुकाट्याने दुकानात बसायचे, असे वडिलांनी बजावले होते. अर्ज संध्याकाळच्या आत पाठवायचा होता, आणि हा, त्या पानावरून तरी, नावाड्याचा नातू खुशाल हसत होता!

"तुमची होडी तरी कुठे किनाऱ्याला लागली?" ती म्हणाली. "पान संपलं, तरी तुम्हाला काय शिकायचंय याचा पत्ता नाही."

"पूल बांधायला शिकायचंय."

"मग तसं लिहा की! आजोबांना किती वल्हवायला लावाल?"

खिडकीजवळच्या बाकावर बसून तिने त्याच्या नदीची निम्मी वळणे निर्दयपणे छाटली. त्याने मात्र तिच्या पानाला पेन लावलेच नाही.

"दृष्टिविज्ञानच का?"

"आवड आहे."

"ते इथे लिहिलंय. खरं काय ते सांगा."

तिने पेन खाली ठेवले.

"बाबांनी आत्याला नवा चष्मा करून दिला. तो लावून तिनं आधी आतोबांकडे पाहिलं, म्हणाली, 'अगंबाई, हे इतके म्हातारे कधी झाले? माझा जुनाच द्या!'"

तो खळखळून हसला. ती हसली नाही.

"सगळे असेच हसले. पण डाव्या डोळ्यानं तिला नव्या चष्म्यातूनही धूसरच दिसत होतं... बाबांनी काचा बदलून पाहिल्या. का दिसत नाही, ते त्यांना सांगता येईना. मला ते कळायला हवंय."

"हेच लिहा," तो हळूच म्हणाला. "आधी आत्याबाई, लगेच हे शेवटचं वाक्य. मध्ये गुणपत्रिका नको."

तिने तसेच लिहिले.

महाविद्यालयाचा होकार आला, तेव्हा वडिलांच्या पाया पडून ती तडक ग्रंथालयात गेली. तो त्याच बाकावर होता. बातमी ऐकून त्याचा चेहरा उजळला — आणि मग हलकेच उतरला.

"कधी निघणार?"

"सोमवारी."

"आमच्या आजोबांच्या नावेत एकदा—"

"आजोबा नकोत. सरळ बोला."

त्याने तिच्याकडे पाहिले. "तू मला आवडतेस. जाऊ नकोस, असं मात्र मी म्हणणार नाही."

त्या 'तू'ने तिचे कान तापले. ती बाकावर बसली, थोडी जवळच.

"इतकं थोडक्यात?" ती म्हणाली. "सोमवारला अवकाश आहे... सविस्तर सांग."