रिकामा पुडा

बस हलली आणि इंदू धावली.

एका हातात पातळाच्या निऱ्या, दुसऱ्या हातात पळसाच्या पानांचा हिरवागार पुडा, आणि मागे धुरळाच धुरळा. दिग्रसच्या मोटारस्टँडवरची माणसं तिच्याकडे पाहून हसत होती. रोजचे कंडक्टर उकंडाभाऊ तिला दुरून पाहिलं की बस थांबवून ठेवत. पण आज दारात उभा होता कुणी नवाच. उंच, सावळा, डोक्यावरची खाकी टोपी जराशी तिरपी.

त्याने घंटीची दोरी ओढली. बस थांबली.

“पुसदले द्याचा आहे,” धापा टाकत इंदू म्हणाली. “माझ्या बहिणीले. स्टँडवर तिचा दीर येते घ्याले.”

त्याने वाकून पुडा घेतला. तळहातावर तोलला. मग – इंदू बघतच राहिली – तो कानाशी नेला आणि हळूच हलवला.

भुलाबाईच्या दिवसांत आपल्या वऱ्हाडातल्या मुली असंच करतात. गाणी म्हणून झाली की घरची बाई झाकणाचा डबा वाजवते आणि आत काय खाऊ आहे ते मुलींनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं. ओळखला नाही तर हरल्या. तो मुलींचा खेळ हा उंच माणूस भर बाजारात, सगळ्यांदेखत खेळत होता. इंदूला हसू आवरेना.

“मोगरा,” तो म्हणाला. “कळ्या आहेत. पोचेपर्यंत उमलतीन.”

टण टण घंटी वाजली. धुरळा खाली बसला तरी इंदू तिथेच उभी होती.

धावंडा नदीच्या काठी सदाशिवरावांची फुलांची वाडी होती. इंदू त्यांची धाकटी लेक. थोरली लग्न होऊन पुसदला गेली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिचा निरोप आला, सासरी सगळं आहे, फक्त आपल्या वाडीचा वास नाही. तेव्हापासून इंदू तिला फुलं पाठवू लागली. ओल्या फडक्यात कळ्या, वर पळसाची पानं, काडीने टाचलेली. भर उन्हातही फूल कोमेजत नसे. हळूहळू गावाला ते कळलं. कापसाच्या जिनिंगमधल्या दिवाणजींची नवी नवरी माहेरी गेली होती, तिला गजरा जाऊ लागला. कुणाच्या आईच्या देवपूजेला फुलं, कुणाच्या आजारी भावाच्या उशाशी चार गुलाब. नवं महाराष्ट्र राज्य होऊन एकदोन वर्षंच झाली होती. गावात टेलिफोन एखाददुसराच, पण दिग्रसचं प्रेम सकाळच्या बसने पुसदला जात होतं, ते पळसाच्या पानात बांधून.

ही पानं आणून द्यायची बंजाऱ्यांच्या तांड्यावरची रुपीबाई. हातात कोपरापर्यंत बांगड्या, चुनरीला आरसे, आणि जिभेला हाड नाही. तिची लेक पुसदकडच्या तांड्यात दिलेली. पानांच्या बदल्यात रुपीबाई लेकीसाठी झेंडू न्यायची, तोही स्वतः बसमध्ये बसून.

“छोरी, तुया कंडक्टरचं नाव घनश्याम आहे बरं,” एक दिवस ती न विचारताच म्हणाली. “कळंबचा. चिंतामणीच्या देवळापुढं त्याची आत्या फुलं इकते. मायबाप नाई.”

“माझा कंडक्टर कायचा?” इंदू म्हणाली. पण त्या दिवशी तिने वेणी दोनदा घातली.

पाऊस लागला. मोगरा सरला, जाई-जुई आली. रोज पुडा त्याच्या कानाशी जाई, आणि रोज तो ओळखी. इंदूने मुद्दाम दोन प्रकार एकत्र बांधून पाहिले, तर म्हणाला, तगरीत गुलाब लपवले, गुलाब जड आहेत, खाली बसले. ती चिडल्यासारखं करी. तो तिला इंदूबाई म्हणे. मी काही एवढी मोठी बाई नाही, असं तिने सुनावलं, तर दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “बरं, इंदूताई.” ते तर तिला अजिबातच आवडलं नाही. मग तो नुसताच हसला आणि त्यानंतर तिला काहीच म्हणेनासा झाला. नावाच्या जागी एक छोटीशी – थांबलेली – नजर.

श्रावणात एकदा नदीला पूर आला. पाणी रपट्यावरून, नदीतल्या त्या ठेंगण्या पुलावरून, वाहत होतं आणि बस अलीकडे अडकून पडली होती. उतारू झाडाखाली बसले. इंदूची वाडी तिथून जवळच, ती बसमधल्या फुलांवर पाणी शिंपडायला आली होती. निदान तिने स्वतःला तरी तसं सांगितलं होतं.

“एवढ्या लोकाईची फुलं पाठवता,” पाण्याकडे बघत घनश्याम म्हणाला. “तुम्हाले कोणतं आवडते?”

“जे कोणी इकत नाई ते.”

“असं कोणतं?”

“ओळखा...” ती म्हणाली, आणि पूर ओसरेपर्यंत दोघं काही बोलले नाहीत. तरी कितीतरी बोलणं झाल्यासारखं इंदूला वाटलं.

भुलाबाई बसल्या. घरोघरी टिपऱ्या वाजू लागल्या. आणि त्याच आठवड्यात दारव्ह्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घरी विहीर, मोसंबीची बाग. सदाशिवरावांनी लेकीला विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बसवून सरळ विचारलं, “ते लोक तुले पाह्याले येतो म्हणतात. उद्यापर्यंत निरोप द्याचा आहे. मनात दुसरं काई असन तर आता सांग, इंदे. पाव्हणे उठून गेल्यावर सांगू नको.”

“उद्या सांगते,” इंदू म्हणाली.

वाडीच्या कोपऱ्यात, नदीकडे तोंड करून, प्राजक्ताचं एक झाड होतं. प्राजक्त कुणी विकत नाही. पहाटे आपणहून गळतो, दुपारपर्यंत मलूल होतो. त्या पहाटे इंदूने झाडाखाली पातळाचा पदर पसरला. ओलं फडकं घेतलं नाही, ओलाव्याने प्राजक्त काळा पडतो. नुसत्या पानात फुलं अलगद ठेवली. टाचताना काडी दोनदा मोडली.

“हा पुडा कोणाले द्याचा?” स्टँडवर घनश्यामने विचारलं.

“याच्यावर कोणाचं नाव नाई.” इंदूची नजर खाली. “ओळखला तर... तुमचा.”

मग त्याने पुडा तळहातावर ठेवला, कानाशी नेला, हलवला. पुन्हा हलवला. त्याच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली. खिडकीतल्या म्हाताऱ्याने डोळे मिटून खोल श्वास घेतला. सगळा स्टँड त्या वासाने भरला होता. आणि घनश्याम हसला.

“फसवून राह्यल्या का मले? हा तर रिकामा आहे.”

इंदूने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा होती, नेहमीचीच. म्हणजे... त्याला कळलं होतं. कळूनही त्याला नको होतं, आणि नाही म्हणायची त्याची ही रीत होती. सभ्य, हसरी.

“बरं,” ती म्हणाली. “रिकामाच असन.” आणि पुडा त्याच्याच हातात ठेवून ती वळली.

घरी येऊन तिने बापाला सांगितलं, “येऊ द्या त्याइले.” सदाशिवरावांनी लेकीकडे एकदा पाहिलं. निरोप संध्याकाळी धाडू, एवढंच ते म्हणाले.

दुपारून हस्ताची भुरभुर सुरू झाली. ऊन होतं आणि पाऊसही होता. इंदू झेंडूच्या वाफ्यात वाकली होती. फुलं तोडत होती की देठ, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. एवढ्यात कुंपणाशी बांगड्या वाजल्या.

“घे, छोरी, आणला याले,” रुपीबाई म्हणाली. “पुसदहून परत येताना वाटभर तोंड पाडून बसला होता. आता याच्याच तोंडून आयक.” आणि ती विहिरीच्या थारोळ्यावर पाठ करून बसली. कान मात्र इकडेच.

घनश्याम भिजला होता. टोपी हातात, आणि टोपीत तो पुडा. उघडलेला.

“मले वास येत नाई,” तो म्हणाला.

इंदू वाफ्यातून उठून उभी राहिली.

“लहान होतो तवा मोठा ताप आलता. जीव वाचला, नाक गेलं. आत्या म्हणे, फुलवाल्याच्या घरी बिननाकाचं पोरगं. लोक हसत. मंग मी फुलं हातानं अन् कानानं ओळखाले शिकलो.” तो थांबला. “तुम्हाले कसं सांगणार होतो? तुमचं तर सारं घरच वासाचं...”

इंदूला सगळं एकदम आठवलं. मोगरा, जुई, गुलाब. एकदाही तो पुडा नाकाशी गेला नव्हता.

“बस रपट्याच्या पार गेली अन् एक जण बोलला, प्राजक्त कोणी आणला. मंग दुसरा. मंग सारेच. या रुपीबाईनं माझ्या हातातून पुडा घेऊन उघडला.” त्याने टोपीकडे पाहिलं. मलूल पाकळ्या, पण केशरी देठ अजून तसेच. “जे फूल कोणी इकत नाई... तुमच्या मनातलं बसमधल्या साऱ्याईले समजलं. मले सोडून.”

पावसाचा एक थेंब झेंडूवरून ओघळला. इंदूने टोपीतून एक फूल उचललं. नाकाशी नेलं.

“कसा असते याचा वास?” त्याने हळूच विचारलं.

असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. ती डोळे मिटून शोधू लागली. “उन्हातून यावं...” ती म्हणाली, “अन् माठातल्या पाण्याचा पहिला घोट घ्यावा. गळ्यातून जाते तवा कसं वाटते? तसा. पण पाणी पिऊन झालं तरी तहान राहते – तसा.”

घनश्यामचेही डोळे मिटले होते.

“आला,” तो म्हणाला. मग म्हणाला, “रोज एक फूल सांगत जाशीन?”

पहिल्यांदाच तो तिच्याशी एकेरीत बोलला होता.

“फुलं लय आहेत,” इंदू म्हणाली.

“म्हणूनच तर. जन्म लागन.”

उत्तर उद्या स्टँडवर देईन, एवढंच ती म्हणाली. थारोळ्यावर रुपीबाईने कपाळाला हात लावला.

संध्याकाळी इंदूने बापाला सगळं सांगितलं, सकाळी आपण खोटं बोललो हेही. सदाशिवराव बराच वेळ तंबाखू मळत राहिले. पोरगा कळंबचा, आत्या फुलं विकते, म्हणजे आपल्यातलाच, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आत्याने रीतसर येऊन मागणी घालावी, असं सांगितलं. मग मिशीत हसले.

“जावयाले नाक नाई हे एका परीनं बरंच. तुया हातच्या भाजीले नाक तरी मुरडणार नाई.”

दारव्ह्याला वेगळाच निरोप गेला.

त्या रात्री हस्त धो धो कोसळला. पहाटे इंदू पदर घेऊन झाडाखाली गेली, तर सारा प्राजक्त चिखलात मिसळला होता. एकही फूल धड नव्हतं. ती तिथेच उभी राहिली. मग काय सुचलं कोण जाणे, तिने पळसाची पानं घेतली आणि आत काही न ठेवता पुडा टाचला. काडी आज एकदाही मोडली नाही.

स्टँडवर बस उभी होती. आत रुपीबाई खिडकीशी बसलेली. इंदूने पुडा दिला. घनश्यामने तो तळहातावर तोलला. कानाशी नेला, हलवला. काही वाजलं नाही. त्याने पुन्हा हलवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

“प्राजक्त,” तो म्हणाला.

आणि पुडा न उघडताच त्याने तो सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवला.

टण टण घंटी वाजली. बस हलली. इंदू आज धावली नाही, तिला कुठे पोचायचंच नव्हतं.