वेंडेलचं पान

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो गिरीश अजून टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, त्याच घरात राहतो. ट्रकही त्याच गॅरेजमध्ये उभा आहे. कोणाला खोटी वाटली तर वाटू दे. गिरीश थापा मारणाऱ्यांतला नाही. कारखान्यात तपासणी विभागात होता तो. दुसऱ्यांच्या थापा पकडण्यातच त्याचं आयुष्य गेलं.

हे सगळं सुरू झालं मागच्या सर्वपित्री अमावास्येला. भर दुपारी, लख्ख उन्हात.

त्याआधी ट्रकचं सांगायला हवं.

एकोणीसशे चौसष्ट सालचा पिकअप. फिकट हिरवा. आत कंपनीतून आलेलं मूळ इंजिन, एका रांगेत सहा सिलिंडर. चालायचं शिवणयंत्रासारखं गोड, पण दम नव्हता. हायवेवर चढलं की मागचे लोक हॉर्न मारून जीव नकोसा करायचे.

तो ज्याचा होता तो वेंडेल नावाचा म्हातारा तिकडे उत्तरेला एकटाच राहायचा आणि एकटाच गेला. त्याच्या भाचीने ट्रक विकला. किल्ली देताना ती म्हणाली, "अंकल वेंडेलने यातला एक बोल्टसुद्धा कोणाला बदलू दिला नाही हं."

गिरीश हसला होता. बदलण्यासाठीच तर घेतला होता त्याने.

सोबतीला होता अतुल. दोघे नागपूरच्या कॉलेजपासूनचे. एकाच कारखान्यात लागले, रिटायर झाल्यावर मुलांच्या मागे एकाच गावात आले. भाऊ नसतील इतके जवळ. दोघांनी ठरवलं होतं, इंजिनाची ताकद वाढवायची आणि थंडीत या ट्रकमधून पश्चिम टेक्सासच्या डोंगरात जायचं. फक्त दोघांनी. बायकांनी हसून परवानगीही दिली होती.

उन्हाळाभर काम चाललं. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन बसवले, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल भरपूर. धूर बाहेर टाकणारा जुना लोखंडी मॅनिफोल्ड काढून मोकळे पाइप लावले. सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, मशीनवर थोडं तासून आणलं, म्हणजे आतला दाब वाढतो. मूळ ब्लॉक मात्र तोच.

तासण्यावरून दोघांची जुंपली.

"गिऱ्या, जास्त होतंय. म्हाताऱ्या माणसाला पळवतोयस तू."

"अतुल्या, तू रिटायर झालास, इंजिन नाही झालेलं."

"फुटलं तर माझ्याकडे रडत येऊ नको."

"आलोच तर तुझ्या दारात रडेन, सावनीवहिनीकडून चहा तरी मिळेल."

असं त्यांचं चालायचं. अतुलकडे गॅरेजच्या शटरचा कोड होता. गिरीश घरी असो नसो, तो यायचा, काम करायचा, जायचा.

अमावास्येला गिरीशच्या बायकोने, उल्काने, पितरांचं पान वाढलं. खीर, वडे, आमटी, अळूची भाजी. अतुलही जेवायला होता. गिरीशच्या आईवडिलांची नावं घेतली. आणि मग काय मनात आलं कोण जाणे, तिने एक पान जास्तीचं वाढलं.

"हे कोणाचं?" अतुलने विचारलं.

"वेंडेलचं. बिचाऱ्याला कोणी नाही. त्याची वस्तू आपल्या घरात आली, मग तो घरचाच की."

"वहिनी, त्या गोऱ्या माणसाला अळूची भाजी? घसा खाजेल त्याचा."

सगळे हसले. फ्रिस्कोला कावळे क्वचित दिसतात. त्यांच्यासारखेच काळे ग्रॅकल मात्र पार्किंगमध्ये थव्याने असतात. उल्का दरवर्षी त्यांनाच कावळे मानायची. तिने वेंडेलचं पान ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवलं. गिरीश उत्साहात होता. त्याने इंजिनावर थाप मारली आणि इंग्रजीत म्हणाला, "या वेंडेल, जेवा पोटभर, आणि जरा हात लावा कामाला!"

बाहेर तारेवर पक्षी ओळीने बसले होते.

एकही खाली आला नाही...

संध्याकाळी उल्का बघायला गेली तर पान स्वच्छ. शिताचा कण नाही. कोणी तरी पुसून घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरीशने इंजिन सुरू केलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

आवाज बदलला होता.

कालपर्यंत इंजिन गुरगुरत होतं. आज ते मऊ, गोड चालत होतं. अगदी घेतलं तेव्हा होतं तसं. त्याने तपासलं. पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ मागे सरकवलेली. कार्ब्युरेटरचे स्क्रू आत पिळलेले. आपोआप होणारं काम नव्हतं ते. हाताने, समजून उमजून केलेलं होतं.

अतुल... दुसरं कोण?

जास्त होतंय असं तोच म्हणत होता ना. कोडही त्याच्याकडेच.

गिरीश काही बोलला नाही. सगळं पुन्हा आपल्या मापाने लावलं. उल्काच्या लाल नेलपॉलिशने प्रत्येक स्क्रूवर बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला की रेघ तुटणार. जन्मभराची सवय, संशय आला की खूण करायची.

दोन दिवसांनी सगळ्या रेघा तुटल्या होत्या.

त्याने कोड बदलला. उल्कालाही सांगितला नाही. पुन्हा रेघा ओढल्या.

पुन्हा तुटल्या...

आता गिरीशचं मन नको तिकडे धावायला लागलं. अतुलने कोड चोरून बघितला असेल. उल्का त्याला आतून दार उघडून देत असेल. दोघं मिळून आपल्याला वेड्यात काढतायत. त्यात अतुलचं येणंही बंद झालं होतं. फोन नाही, मेसेज नाही. ज्याच्या पोटात काही नाही तो असा तोंड का लपवेल?

एका दुपारी उल्का मंदिरात गेली होती. गिरीश गॅरेजला लागून असलेल्या कपडे धुण्याच्या खोलीत दबा धरून बसला. दिवा बंद. एसीचा आवाजही थांबलेला.

बराच वेळ काहीच नाही.

मग...

टिक्. टिक्. टिक्. टिक्.

पान्याचा आवाज. रॅचेट फिरतं तसा. सावकाश. घाई नसलेल्या माणसाचा.

गिरीशला भीती वाटली नाही, राग आला. "सापडलास," तो मनात म्हणाला. मग मोठ्याने, "अतुल?"

आवाज थांबला.

क्षणभर शांतता... आणि कोणी तरी पाना पत्र्यावर ठेवला. अगदी हळू. रंगाला ओरखडा उठू नये म्हणून जपून ठेवावा तसा.

गिरीशने दार ढकललं.

कोणी नव्हतं.

शटर बंद. आत भट्टीसारखं गरम. ट्रकचं बॉनेट मात्र उघडं. त्याने स्वतः बंद केलं होतं. डाव्या बाजूच्या पत्र्यावर पाना, आणि त्याच्याखाली फडकं. व्यवस्थित चार घड्या घातलेलं.

अतुलने जन्मात कधी फडक्याची घडी घातली नव्हती. बोळा करून फेकायचा तो. गिरीशला ते दिसलं. पण राग इतका होता की दिसूनही त्याने बघितलं नाही. त्याने तिथूनच फोन लावला.

"पुढच्या दाराने ये ना, मर्दासारखा. चोरून कशाला येतोस?"

"काय बोलतोयस?"

"माझ्या इंजिनाला हात लावणं बंद कर. इतकाच जळफळाट होत असेल तर स्वतःचा ट्रक घे."

"मी जळतोय?" अतुलचा आवाज कापत होता. "वा रे वा. इतकी वर्षं, गिऱ्या... आणि मलाच चोर म्हणतोस? आधी स्वतःकडे बघ तू."

फोन बंद झाला.

तो आठवडा गिरीशला जेवण गेलं नाही. ट्रककडे बघवेना. शेवटी अतुलच्या बायकोने, सावनीने, उल्काला फोन केला. "दोघं म्हातारे लहान मुलांसारखे रुसलेत. आणतेस का तुझ्याला?" उल्का गिरीशला जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

अतुलने चहा पुढे केला, पण मान वर केली नाही.

"विचार ना त्याला," तो सावनीला म्हणाला, "दुसरा माणूस ठेवायचा होता तर मला सांगायचं होतं. मी काय भांडलो असतो?"

"कुठला दुसरा माणूस?" गिरीश म्हणाला.

"नाटक करू नको. अमावास्येनंतर मी तीनदा आलो तुझ्याकडे. तिन्ही वेळा आत काम चाललेलं. तू बोलत होतास कोणाशी तरी, इंग्रजीत. हसत होतास. मी शटरच्या खिडकीतून बघितलं. कोणी म्हातारा गोरा इंजिनावर वाकलेला, पाठमोरा. तू शेजारी उभा राहून त्याला पाने काढून देत होतास. म्हटलं, झालं. आपली गरज संपली. आलो तसा परत गेलो."

"अतुल," गिरीश अगदी हळू म्हणाला, "मी गॅरेजमध्ये एकटाच असतो. मी... मी कोणाशी बोलत नाही."

"मी ऐकलंय."

"मी बोलत नाही रे!"

उल्काने हातातली बशी खाली ठेवली.

"पान मी वाढलं होतं," ती म्हणाली.

घरी येताच तिने ओळखीच्या गुरुजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, "वाढताना कोणत्या नात्याने वाढलंत?"

"नातं नाही हो... घरचाच म्हटलं."

गुरुजी म्हणाले, "बघून सांगतो." त्यांचा फोन नंतर आला नाही.

गिरीशने जास्त विचार केला नाही. इंजिन होतं तसं करून दिलं की वेंडेल जाईल, असं त्याला वाटलं. त्याला अतुल परत हवा होता, ताकद नको होती. त्याने जुने भाग खोक्यातून काढले. जुना मॅनिफोल्ड, जुना कार्ब्युरेटर. तासलेलं हेड काही पुन्हा वाढणार नव्हतं. भंगारवाल्याकडून त्याच मापाचं दुसरं आणलं. भर सकाळी, शटर उघडं टाकून, तो कामाला लागला.

काम फार पटकन झालं.

उन्हाळ्यात ज्या बोल्टांनी दोघांचा जीव काढला होता ते आता बोटांनी सुटत होते. जो पाना हवा तो डाव्या हाताशीच सापडत होता. दुपारी त्याच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ काही तरी बडबडतोय. इंग्रजीत.

काय बोलत होतो, ते त्याला आठवेना...

इंजिन सुरू झालं. मऊ, गोड. शिवणयंत्रासारखं.

त्यानंतर काही बिघडलं नाही. रेघा तुटल्या नाहीत, आवाज आला नाही. गिरीशने फोनवर माफी मागितली, अतुलनेही माफ केलं. दोघं पुन्हा एकमेकांना टोमणे मारायला लागले. उल्काला वाटलं, सुटलो.

थंडी पडली. ठरल्याप्रमाणे डोंगरात जायचं होतं. सकाळी गिरीशने ट्रक ड्राइव्हवेवर काढला. पाण्याच्या बाटल्या, सावनीने दिलेले मेथीचे ठेपले, सगळं भरलं. शेजारची सीट रिकामी ठेवली.

अतुल आला. पण चालत नाही. स्वतःची गाडी घेऊन.

"हे काय? बस ना," गिरीशने आतून दार ढकलून दिलं. "इतकं ठरवून आता वेगळी गाडी?"

अतुल ट्रकजवळ आला नाही. फुटपाथवरच थांबला. मफलर सारखा केला. त्याने एकदा गिरीशकडे बघितलं, एकदा शेजारच्या सीटकडे. मग ओळखीच्या माणसाला करतात तशी मान किंचित हलवली.

सीटकडे बघून.

उल्का तेव्हा घरात होती. सावनी तिच्या घरी. ट्रकमध्ये गिरीशशिवाय कोणी नव्हतं.

"तुम्ही दोघं पुढे व्हा," अतुल म्हणाला. "मी मागून येतो."

गिरीशने त्याला काही विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. त्याने समोर बघत ट्रक गिअरमध्ये टाकला. आणि उघडं राहिलेलं पलीकडचं दार...

आतून, हळूच, जपून ओढून घेतलं गेलं.