तबकडी संपल्यावर

"…अम्मा उतरी, घर में गई. मैं अपनी आँखों से देखी. फिर थोडी देर से…"

जिन्याच्या पायथ्याशी लसूण सोलत बसलेली यादम्मा एवढं बोलली आणि फाटकातून मंगलाकाकू येताना दिसल्या तशी गप्प झाली. तिच्यासमोर उकिडवा बसलेला इस्त्रीवाला गाठोडं उचलून चालता झाला.

"फिर क्या, यादम्मा?" भाजीची पिशवी खाली टेकवत काकूंनी विचारलं.

"कुछ नईं अम्मा. ऐसीच बातां."

अर्धी बातमी म्हणजे काकूंना दातात अडकलेला पेरूचा दाणा. हैदराबादेत मलकपेठच्या त्या तीन मजली इमारतीत कुणाचं दूध उतू गेलं, कुठले नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत, कुणाचा पोरगा गच्चीवर सिगरेट ओढून येतो, हे सगळं त्यांना तळमजल्यावरच्या आपल्या दारात बसून कळायचं. बघून नव्हे, ऐकून. जिना त्यांच्या दारासमोरूनच वर जायचा, आणि पावलावरून त्या माणूस सांगायच्या. कुसुमताई टाच घासत उतरतात. तिसऱ्या मजल्यावरचा तेजस पायऱ्या गाळत येतो. यजमान मुकुंदराव गेले, मुलगा कॅनडात जाऊन बसला, त्यानंतर काकूंना सोबत राहिली ती या पावलांची.

पण ही अम्मा कोण? वॉचमनच्या या बायकोला इमारतीतल्या सगळ्याच बायका अम्मा. काकूंनी पालक निवडताना विचार केला, मेथी निवडताना विचार केला, आणि शेवटी कुसुमताईंवर संशय ठेवून चार वाजता तिसऱ्या मजल्यावर तेजसकडे गेल्या. ते त्यांचं रोजचंच झालं होतं.

तेजस आणि रसिका पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटरवाले. रसिका बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा एका दुपारी वरून एकसारखा घूंऽऽ असा आवाज यायला लागला. बोअरची मोटार चालू राहिली असेल म्हणून काकू तणतणत वर गेल्या. दार उघडं होतं. आतल्या खोलीत पडदे ओढलेले, तेजस भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला, आणि कोपऱ्यात एक काळी तबकडी फिरत होती.

"गाणं कधी सुरू होतं रे?" बराच वेळ उभं राहून काकूंनी विचारलं.

"हेच आहे, काकू. यात शब्द नसतात, ठेका नसतो. नुसतं आत बसायचं. नदीत बसतो तसं."

"कायकू पण?"

तेजस हसला. "तुमचं मराठी म्हणजे बिर्याणीवर वरण आहे, काकू. बसा तर खरं."

काकू बसल्या. आधी पेंग आली. मग पेंग गेली आणि कान उघडले. खालून एक सूर यायचा, तो इतका हळू वर चढायचा की चढला कधी ते कळूच नये. त्यावर मधूनच लांबच्या घंटेसारखं काहीतरी थेंबभर पडायचं. आणि सगळ्याच्या मागे, रेडिओच्या दोन स्टेशनांमध्ये असते तशी खरखर.

"यात मागे कुणी भांडी विसळतंय," काकू म्हणाल्या.

तेजसने डोळे उघडले. "मला ते ऐकू यायला वर्ष लागलं, काकू. तो माणूस स्वयंपाकघरात बसून वाजवत होता. ऑफिसात एकालाही हे कळत नाही. सगळे म्हणतात, फ्रीज बिघडलाय तुझा."

तेव्हापासून काकू रोज जायला लागल्या. तबकड्यांची इंग्रजी नावं त्यांना जमत नसत, म्हणून त्यांनी आपली ठेवली. एक मोटारवाली, एक पत्र्यावरच्या पावसाची. सगळ्यांत लाडकी ती दुधाची. तापलेलं दूध उतू जायच्या आधी गप्प वर येतं, तशी ती होती. ती ऐकताना रिकाम्या घराची आठवण यायची, पण टोचायची नाही.

तेजसचा एकच नियम होता. तबकडी संपली की लगेच बोलायचं नाही. सुई उचलल्यावरही काही आवाज खोलीत मागे राहतो. तो आपणहून निघून जाईपर्यंत डोळे मिटून बसायचं.

त्या दिवशीही तसंच बसले होते. आवाज विरत विरत कडेला गेला, आणि त्या शांततेत काकूंना ऐकू आलं, कुणीतरी उठलं. अगदी शेजारून. साडीची सळसळ झाली. मग चपला, मग दाराची कडी, आणि मग जिना. डावं पाऊल थोडं जड पडत होतं. वळणावर लोखंडी कठड्याला बांगडी लागली, टण्ण.

काकूंनी मनातल्या मनात सगळी इमारत चाळली. कुसुमताई नव्हेत. धुणंवाली नव्हे. हे पाऊल त्यांच्या ओळखीचंच नव्हतं.

"कोण गेलं रे?" त्यांनी हळूच विचारलं.

तेजस दचकला. "अरे, आहात तुम्ही? मला वाटलं, मघाशीच गेलात."

त्याला डुलकी लागली असणार, असं म्हणून काकू हसल्या आणि जिना उतरायला लागल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर गुडघ्यात कळ आली. अलीकडे डाव्या गुडघ्यात यायचीच. त्यांनी कठडा धरला.

टण्ण.

काकू तिथेच उभ्या राहिल्या. हातातल्या बांगडीकडे बघत राहिल्या. उभ्या इमारतीची पावलं त्यांना पाठ होती. आपलं तेवढं पाऊल त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

खाली यादम्मा होती. काकूंना बघून तिच्या हातातला लसूण सुपात पडला.

"बोल," काकू म्हणाल्या. "सकाळी काय सांगत होतीस इस्त्रीवाल्याला?"

यादम्माने पदर डोक्यावरून घेतला. "गुस्सा नक्को करो अम्मा. तुम उतरे. घर में गए. मैं देखी. फिर थोडी देर से… फिर उतरे. बीच में चढेच नईं."

"और आज?"

यादम्माने काकूंच्या दाराकडे पाहिलं, मग काकूंकडे. "आज भी."

काकू घरात गेल्या. सगळे दिवे लावले, न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. फक्त ओट्यावर त्यांचा पितळी पेला पालथा घातलेला होता. जाताना आपण पाणी प्यायलो होतो की नाही, ते त्यांना आठवेना.

भीती वाटली ती वाटलीच, पण त्याहून मोठी धास्ती दुसरी होती. रसिका आता माहेरून परतली होती, मांडीवर तन्वीला घेऊन. तिची रजा संपत आली होती, आणि दिवसभर बाळाला मंगलाकाकूंकडे ठेवायचं ठरलं होतं. स्वतःचा नातू काकूंनी फोनच्या काचेवरच पाहिलेला. तन्वीसाठी त्यांनी माळ्यावरचा मुलाचा पाळणा उतरवून धुतला होता, नवी दोरी बांधली होती, अंबरपेठेच्या सोनाराकडून चांदीचे वाळे करून आणले होते. ही बातमी वर पोचली तर कुठली आई बाळ खाली पाठवील?

"रसिका को नक्को बोल, यादम्मा," त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. "मी जाणारच नाही आता वर. गाणंबिणं बंद."

"हौ अम्मा. नक्को जाओ."

आणि खरंच त्या गेल्या नाहीत. चार वाजले की वरून घूं सुरू व्हायचं, काकू दारात बसून हाताची बोटं मोडायच्या. तेजसने दोनदा बोलावलं. त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं.

रसिकाचं काम सुरू झालं, त्या दिवशी मात्र बाळ आणायला वर जावंच लागलं. बाहेरच्या खोलीत रसिका कानांवर डबडी लावून कॉम्प्युटरसमोर बसली होती. तन्वी तिच्या मागे गादीवर झोपलेली, पायांत वाळे.

"आत्ताच झोपलीय," तेजस कुजबुजला. "उठेपर्यंत बसता? तुमची दुधाचीच लावतो. एकच बाजू. मीही कंटाळलोय एकटा ऐकून."

काकू नको म्हणणार होत्या. पण झोपलेलं लेकरू उचलायचं नसतं, आणि दुधाची त्यांनी बरेच दिवसांत ऐकली नव्हती. खोलीच्या दाराकडे तोंड करून बसायचं आणि डोळे मिटायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं.

सूर खालून आला. वर येत राहिला. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ फरशीवर मऊ झाली. रेसकोर्सवरचा भोंगा, रिक्षांचे हॉर्न, सगळं त्या सुरात साखरेसारखं विरघळलं. डोळे कधी मिटले, ते काकूंना कळलंच नाही.

सुई उचलली गेली. उरलेला आवाज कडेला गेला.

शेजारून कुणीतरी उठलं.

काकूंना डोळे उघडायचे होते. पापण्या उघडेनात. साडी सळसळली, बाहेरच्या खोलीत गेली. तिथे थांबली… वाकली. आणि मग चपलांच्या आवाजात एक बारीक आवाज मिसळला. किण… किण… चांदीचा. दाराची कडी. जिना. जड डावं पाऊल. वळणावर, टण्ण. वाळे खाली खाली जात राहिले.

काकू उठून बाहेरच्या खोलीत आल्या. गादी रिकामी होती. रसिकाने कानांवरची डबडी सरकवली आणि हसून म्हणाली, "परत आलात, काकू? काही राहिलं का तिचं? दुपटं दिलं होतं ना मी मघाशी तुमच्या हातात?"

काकू धावल्या. गुडघा विसरून, कठडा न धरता, तिन्ही मजले. पायथ्याशी यादम्मा चिंच सोलत होती. तिने मान वर केली नाही. काकूंचं दार लोटलेलं होतं.

तन्वी पाळण्यात होती.

स्वस्थ झोपलेली. दुपटं गळ्यापाशी दुमडून काखेखाली खोचलेलं, जसं काकू आपल्या मुलाला खोचायच्या. ही त्यांच्या आईची पद्धत, रसिकाला ती माहीत असायचं कारण नव्हतं. कपाळाच्या कडेला काजळाची तीट. काजळ ओलं होतं. पाळणा अजून हलत होता, आणि दोरीचं टोक फरशीपासून थोडं वर, हवेत ताठ होतं. काकू बघत असतानाच ते सैल पडलं.

त्यांनी घराचा कोपरा न् कोपरा पाहिला. कुणी नाही. मग पाळण्याशी बसून राहिल्या, बाळाच्या छातीवर नजर लावून. श्वास खाली, श्वास वर. बाळाला काही झालेलं नव्हतं. त्यांनी स्वतः सांभाळलं असतं, तसंच ते कुणीतरी सांभाळलं होतं.

संध्याकाळी रसिका आली, तन्वीला कडेवर घेतलं. "किती छान राहिली. काकू, तुमच्याशिवाय माझं काही खरं नव्हतं."

"उद्या… उद्या पण आण," काकू म्हणाल्या. आपण हे का म्हणालो, ते त्यांना कळलं नाही.

रसिका वर गेल्यावर त्या बाहेर आल्या. दिवे लागायची वेळ. यादम्मा उंबऱ्याशी उदबत्ती लावत होती. तिलाच विचारावं, मन हलकं करावं, म्हणून काकूंनी शक्य तेवढ्या हसऱ्या आवाजात विचारलं,

"क्या यादम्मा, आज कितने बार उतरी मैं?"

"आज एकीच बार अम्मा," यादम्मा म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. "मैं बराबर ध्यान दी. बच्ची को लेके आए तुम, बस. मैं गलत देखी थी पहले. इस्त्रीवाले को भी बोल दी."

"और उसके बाद? मी धावत आले ना… तू चिंच सोलत होतीस."

"नईं अम्मा. मैं यहींच थी. उसके बाद कोई नईं उतरा."

उदबत्तीचा धूर जिन्याकडे सरकला. काकूंनी आपलं धावणं आठवून पाहिलं. पायऱ्या आठवल्या, वळण आठवलं, यादम्माची खाली घातलेली मान आठवली. चपलांचा आवाज काही केल्या आठवेना.

तेवढ्यात वरून घूं सुरू झालं. दुधाचीच होती. जिन्याच्या पोकळीतून सूर हळूहळू खाली येत राहिला, आणि त्याच्या वरून, पडद्याआडून बोलावं तसा, तेजसचा दबका आवाज आला.

"बसा काकू, बसा. घाई काय आहे? दुसरी बाजू लावलीय."