झालं म्हणेपर्यंत

त्या वायरी आधी नीट गुंडाळा. कोपराभोवती वेढे देऊन नाही, सतरा वेळा सांगितलंय, आतल्या तारा तुटतात. हं, आता बसा. लाईट जाऊन तास झाला, यायचं नाव नाही. आणि उद्या तुम्ही निघालात त्या म्हाताऱ्या घड्याळवाल्याकडे, जागा बघायला, दिवे लावून बघायला. न्या सगळं सामान, माझी ना नाही. फक्त एक पाळा. रिकाम्या खुर्चीसमोर प्रश्नांची तालीम करायची नाही.

दात काढू नका. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. ज्याला रोज तुमच्यासारख्या पोरांकडून कॉलेजचं सामान परत मागत फिरावं लागतं, त्याला भुतांना घाबरायला फुरसत कुठली? पण हे माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलंय, आणि त्याचा शेवट मी माझ्या कानांनी ऐकलाय. तेव्हा गप्प बसून ऐका.

भाची याच कॉलेजात होती, तुमच्या आधी. घरात तिला आम्ही चिमणी म्हणायचो, कारण तोंड म्हणून मिटायचं नाही. कॅमेऱ्याला तिच्याबरोबर एक ताडमाड पोरगा, त्याला सगळे लंबू म्हणत. शेवटच्या वर्षाची फिल्म करायची होती आणि विषय संस्कृतीचा हवा होता. पोरीने नाटक धरलं. गावात पूर्वी एक नाटकमंडळी होती. नट एकेक करून गेले, कुणी नोकरीपायी, कुणी मुलांकडे. थिएटरचं गोदाम झालं. उरला एकच माणूस, त्यांचे सगळे कपडे शिवणारा शिंपी.

या शिंपीकाकांची बायको म्हणजे त्या मंडळीतली मुख्य नटी. राणी तीच, भिकारीणही तीच. दोन वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्याने गेली. शेवटी शेवटी तर तिला घटकाभरही बसवत नसे, बसली की घामाघूम व्हायची. काका तेव्हापासून एकटेच. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीभर खुंट्यांवर तिचे पोशाख, वर चादरी टाकलेले.

चिमणी तिथे महिनाभर जात होती. कॅमेरा न नेता, नुसती बसायला, माणूस मोकळा व्हावा म्हणून. आमच्याकडे असंच शिकवतात ना. काकांचा तिच्यावर जीव जडला होता. मशीन चालवता चालवता सगळं सांगायचे. कॉलरला लावायचा आपला हा बारका माईक पाहून तर हसलेच. म्हणाले, चिमटा दिसतो पोरी, आम्ही हिच्या पोशाखाला माईक शिवायचो, दोन टाके, कापडाच्याच रंगाचा दोरा, पहिल्या रांगेतल्यालाही कळायचं नाही. आणि मग शर्टाच्या बाहीचं बटण दाखवलं. हातभर लांब तिरके टाके. "हे तिने लावलेलं. आयुष्यभर शिंप्याच्या घरात राहिली, पण सुई काही धरता आली नाही." ते बटण त्यांनी कधी उसवून पुन्हा लावलं नाही.

आता ती रात्र. डिसेंबरातला दुसरा मंगळवार, साडेआठची वेळ. बुधवारी सकाळी शूटिंग होतं, म्हणून दोघं आदल्या रात्री दिवे लावायला गेले. काकांना एक कोट पोचवायचा होता. घर तुमच्यावर सोपवलं, म्हणाले आणि निघून गेले. तेवढ्यात लंबूच्या लक्षात आलं की काकांच्या स्टुलामागे खिडकी येते, सकाळच्या उजेडात चेहरा काळा पडेल. मग त्यांनी स्टूल बाजूला केलं आणि कोपऱ्यातली वेताची खुर्ची ओढली. निळी गादी असलेली. काकूंची खुर्ची. काका तिच्यात बसत नसत, हे चिमणीला ठाऊक होतं. पण सकाळी समजूत घालू, असं तिने मनाशी ठरवलं.

आता तालीम. मास्तरांनी शिकवलेलं, की ज्याची मुलाखत घ्यायची त्याच्यासमोर तालीम करू नका, बोलणं शिळं होतं. रिकाम्या खुर्चीसमोर करा. म्हणून पोरीने माईक गादीला अडकवला, त्याची बॅटरीवर चालणारी बिनतारी डबी शेजारी ठेवली आणि खुर्चीला सगळं अगदी रीतसर सांगितलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. घाई करायची नाही. आणि तिचं ते नेहमीचं वाक्य, कारण लोक मध्येच उठतात आणि माईक ओढला जातो.

"मी 'झालं' म्हणेपर्यंत उठायचं नाही हं."

लंबू कानाला हेडफोन लावून हसत होता. चिमणीने दोनचार प्रश्न विचारले, प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरापुरतं थांबली. मग शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. "सगळे निघून गेले. तुम्ही का राहिलात?"

लंबूचं हसणं थांबलं. त्याने हेडफोन कानाशी दाबून धरला. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो ना… तसा श्वास. बाईमाणसाचा. त्याने न बोलता खुर्चीकडे बोट केलं. गादी मधोमध दबली होती…

आणि नेमकी लाईट गेली. मग काय, दोघांची पाचावर धारण बसली. कॅमेरा, दिवे, माईक, सगळं तिथेच टाकून जे पळत सुटले ते थेट घरी.

पळाले, पण एक गोष्ट राहून गेली. आलं का लक्षात? ती 'झालं' म्हणालीच नाही.

सकाळी काकांचाच तिला फोन आला. आज येऊ नका म्हणाले, सामान राहू दे. आवाज कसा, तर पंचविशीतल्या माणसाचा. पोरीला हायसं वाटलं. आपल्याला भास झाला, काकांना कसलं तरी काम निघालं, एवढंच तिने धरलं. लंबू मात्र ताप येऊन पडला. आणि मी? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी आपला सामान परत येत नाही म्हणून रोज तिच्यावर करवादत होतो.

शनिवारी संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी काका रडत होते. चिमणी माझ्याकडे आली आणि मंगळवारपासूनचं सगळं भडाभडा सांगितलं. मी आधी तिला झापलं. मग टॉर्च घेतला आणि तिच्याबरोबर गेलो. म्हटलं, म्हातारा खचलाय, त्याला धीर देऊ आणि सामान घेऊन येऊ.

आठ वाजून गेले होते. काका मशीनजवळच्या स्टुलावर बसलेले, समोर ती खुर्ची. चार दिवसांत माणूस अर्धा झाला होता. गादीला लावलेल्या माईकच्या डबीवरचा हिरवा दिवा चालू होता. आता तुम्हीच सांगा, आपल्या डबीची बॅटरी किती पुरते? एक दिवस पुरली तरी आपण नशीब म्हणतो. मी खोली न्याहाळून बघितली. चार्जर नाही, काही नाही. आणि खुर्चीचा वेत खाली झुकलेला. कुणी बसलं की झुकतो, तेवढा.

काका बोलले. हळूच, जणू कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पोरी, ती नटी आहे. दिग्दर्शकाने सोडल्याशिवाय तिने कधी जागा सोडली नाही. अंगात ताप असताना नाही, स्वतःची आई गेली तेव्हा नाही. तू तिला बसवलंस आणि निघून गेलीस."

चिमणी खुर्चीकडे बघत एक पाऊल मागे सरली.

मग त्यांनी सांगितलं. पहिले तीन दिवस ते तिच्याशी रात्रंदिवस बोलत होते. ती काही बोलत नसे, पण आहे एवढं कळत होतं, आणि त्यांना तेवढं पुरत होतं. शुक्रवारी रात्रीपासून वेत करकरायला लागला. आधी थोडा. मग सारखा. ती कूस बदलत होती. तिची पाठ… तिला बसवत नव्हतं. काकांनी हात जोडले, ऊठ म्हणाले, झोप जाऊन. त्यांचं ती ऐकेना.

"शब्द तुझा आहे," काका म्हणाले. "माझ्याने तो मोडत नाही. तू म्हण. तिचे हाल बघवत नाहीत मला." मग म्हणाले, "पण मी बाहेर पायरीवर बसतो. दुसऱ्यांदा तिला जाताना बघणं मला जमायचं नाही."

ते उठले. खुर्चीजवळ क्षणभर थांबले, गादीवरून हात फिरवायला गेले, आणि फिरवला नाही. बाहेर जाऊन पायरीवर बसले. दार आपोआप लोटलं गेलं, त्याची सवयच होती तशी.

मी तिथेच राहिलेल्या कॅमेऱ्याचा हेडफोन कानाला लावला. का, ते विचारू नका. चाळीस वर्षांची सवय, आवाज तपासल्याशिवाय काही सुरू करत नाही.

आधी नुसती खरखर. मग वेत. करकर… करकर… आणि श्वास. दुखण्यातला माणूस दात आवळून घेतो, तसा. मी चिमणीकडे बघितलं. एरवी तोंड न मिटणारी पोर. तोंड उघडं, आणि आवाज नाही. एक शब्द म्हणायचा होता. एकच. तो म्हटला तर म्हाताऱ्याची बायको पुन्हा जाणार. नाही म्हटला तर ती अशीच कण्हत राहणार. पोरीने काय करावं? मी मोठा, मी तरी काय सांगावं?

करकर थांबली.

मग हेडफोनमध्ये आवाज आला. दमलेला. पण स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"ते एकटे पडले असते म्हणून."

मला काही कळेना. मग उमगलं. मंगळवारच्या प्रश्नाचं उत्तर होतं ते.

चिमणीला ते ऐकू गेलं नव्हतं. हेडफोन माझ्या कानाला होता. पण माझा चेहरा बघून तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती म्हणाली,

"झालं, काकू… झालं."

वेत वर आला. हळूहळू. गादी फुगली. लांबलचक श्वास सुटला.

मी म्हटलं, संपलं. सुटली बिचारी.

पण हेडफोनमध्ये पावलं वाजली. अनवाणी. दाराकडे जाणारी. दार हललं नाही… पावलं लांब जायला हवीत की नाही? माईक तर इथे गादीला. पण आवाज तेवढाच जवळ. मी खुर्चीवर टॉर्च मारला.

गादीला माईक नव्हता. डबीही नव्हती.

आता कानात बाहेरचे आवाज. रातकिडे. लांबून एक कुत्रं. आणि काकांचा श्वास, अगदी जवळ. मग कापडातून दोरा ओढल्यासारखं… सर्र… थांबून पुन्हा… सर्र.

मग काका. हळू. हसल्यासारखे.

"अगं, सावकाश… टोचतंय."

पुढे काही नाही. रातकिडेच.

मी धावलो. मधे तीन पावलांची खोली, पण दारापर्यंत पोचायला मला जन्म लागला. काका पायरीवर बसले होते, खांबाला डोकं टेकून. चेहरा शांत. हात अजून ऊबदार. पण माणूस नव्हता. मी हाका मारल्या, छाती चोळली, चिमणीने डॉक्टरांना बोलावून आणलं. काही उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं, त्रास झाला नाही. मीही मान हलवली. सांगणार काय?

डॉक्टरांनी शर्टाचं वरचं बटण काढताना विचारलं, हे काय आहे? माईक होता. काकांच्या कॉलरला. वायर शर्टाच्या आतून नीट खाली गेलेली, डबी खिशात, दिवा आता विझलेला. आणि माईकला चिमटा नव्हता. तो शिवलेला होता.

मी आत जाऊन बघितलं. काकांच्या सुया मशीनवरच्या त्यांच्या उशीत टोचलेल्या होत्या. आम्ही दोघं त्या मशीनच्या शेजारीच तर उभे होतो.

चिमणीने ती फिल्म केली नाही. पुढे वेगळ्याच कामाला लागली, बरं चाललंय तिचं. फक्त जेवण झालं का म्हणून तिची आई विचारते, तेव्हा ती मान हलवते. तो शब्द तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही.

कॉलर कापूनच माईक सोडवावा लागला. तो या खणात आहे, कुणाला वापरायला देत नाही. या, टॉर्च जवळ धरा. हात लावू नका, नुसते बघा. कॉलरचा तुकडा अजून तसाच आहे, आणि दोरा शर्टाच्याच रंगाचा.

टाके बघा. हातभर लांब. तिरके.